व्हिएन्नात तरी बसून राहू नका

"तुम्ही या जाऊन, मी इथेच बसते." युरोपच्या टूरवर हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा बाईच्याच तोंडून. गुडघे कुरकुरत असतात, शिवाय सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायला कुणीतरी हवंच ना! मैत्रिणींनो, बाकी कुठे बसायचं तिथे बसा, पण व्हिएन्नात उठा.

जुनं व्हिएन्ना तसं छोटंसं. त्याभोवतीचा तट पाडायचा हुकूम सम्राट फ्रान्झ जोसेफने १८५७ मध्ये दिला आणि त्या जागी रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता झाला. टूरची बस या रस्त्यावरून चक्कर मारते आणि झालं व्हिएन्ना! खरं गाव तर आत आहे.

सुरुवात सेंट स्टीफन्स कॅथेड्रलपासून करा. त्याचा मनोरा १३६ मीटर उंच. वर जायला ३४३ पायऱ्या आहेत, त्या खुशाल सोडा. पुढे ग्राबेन हा फक्त पायी चालणाऱ्यांचा रस्ता लागतो. १६७९ च्या प्लेगची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ तिथेच आहे. मग होफबर्ग राजवाडा ओलांडून रिंगच्या पलीकडे गेलात, की दोन संग्रहालयांच्या मध्ये मारिया थेरेसा उंच बसलेली दिसेल. सोळा मुलांची आई, आणि १७४० पासून चाळीस वर्षं राज्य चालवलं! १७७४ मध्ये शाळा सक्तीची केली ती तिनेच. तिच्यासमोर दहा मिनिटं थांबा. फोटो नंतर काढा.

इथवर रमतगमत अर्धा-पाऊण तास पुरे. पण मी म्हणेन, अजून थोडं चालून मारियाहिल्फ भागात जा. गाईड तिथे नेणार नाही, कारण बघण्यासारखं 'काही नाही'. बाई गावात कशी फिरते, हा प्रश्न या शहराने १९९० च्या दशकात गांभीर्याने घेतला. मूल शाळेत सोडायचं, भाजी घ्यायची, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, आणि हे सगळं बरंचसं पायी. म्हणून मारियाहिल्फमध्ये फुटपाथ रुंद केले, दिवे वाढवले, टेकायला बाकं ठेवली, बाबागाडीची सोय पाहिली. राजवाड्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. राजवाडे काय, आपल्याकडेही आहेत!

साडी नेसलात तरी पायात बूट घाला, जुन्या गल्ल्यांतल्या दगडी फरशीवर चपला टिकत नाहीत. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून नळाने शहरात येतं आणि पिण्याच्या पाण्याचे हजाराहून अधिक नळ रस्तोरस्ती आहेत. स्वच्छतागृहाला मात्र अनेक ठिकाणी पैसे पडतात, सुटी नाणी जवळ असू द्या.

आणि टूरचे पैसे भरण्याआधीच विचारून घ्या, व्हिएन्नात पायी फिरायला एक सकाळ मोकळी आहे का? "शॉपिंगसाठी दोन तास आहेत की ताई," असं उत्तर आलं, तर दुसरी टूर बघा.