निमंत्रण खरे, यजमान खोटा!

'आपली निवड झाली आहे' या चार शब्दांत मोठी मोहिनी आहे. ते ऐकावयास मिळावेत म्हणून माणसे आयुष्यभर अर्ज करीत असतात. मग न मागता, घरबसल्या, ते मोबाइलवर चालून आले तर कोणाचे मन सुखावणार नाही? आभासी चलनाच्या व्यवहाराचे एक नवे ॲप तयार होत आहे, ते अद्याप सर्वांस खुले झालेले नाही, तत्पूर्वी त्याची 'बीटा' चाचणी घेणाऱ्या मोजक्या मंडळींत आपणांस स्थान देण्यात येत आहे, अशा मजकुराची निमंत्रणे हल्ली व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून फिरत असतात. मालवणची बाजारपेठ काय आणि देवगड-कणकवलीतील एखादी वाडी काय, मोबाइल जेथे पोहोचला तेथे असले निमंत्रणही पोहोचू शकते. त्याचा स्वीकार करण्यापूर्वी वाचकांनी घटकाभर थांबावे, एवढ्यासाठीच आज आम्ही पहिल्या पानावरील ही जागा घेतली आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चाचणी ही मुळात प्रामाणिक प्रथा आहे. नवी होडी तयार झाली म्हणजे ती आधी खाडीच्या पाण्यात लोटून पाहतात. पाणी कोठून शिरते हे पाहिल्यावाचून शहाणा माणूस तिला भर दर्यात नेत नाही. ॲपचेही तसेच आहे. ॲपल कंपनीच्या 'टेस्टफ्लाइट' या सोयीतून एखादे अपुरे ॲप बाहेरच्या १०,००० माणसांपर्यंत तपासावयास देता येते आणि अशी प्रत्येक आवृत्ती ९० दिवसांनी आपोआप बाद होते. गूगलने तर नव्याने वैयक्तिक खाते उघडणाऱ्या ॲपकारांना किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेण्याची अटच घातली आहे. तेव्हा कुडाळचा एखादा होतकरू तरुण आपल्या ॲपसाठी परीक्षक शोधीत असेल, तर त्याला ठक म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु जेथे साधूंची ये-जा असते तेथे भगवी वस्त्रे घालून चोरही शिरतात. चाचणीतल्या ॲपची तपासणी दुकानात मांडलेल्या ॲपइतकी कडक नसते, हे ठकांनी अचूक हेरले. 'सोफोस' या संगणक-सुरक्षा कंपनीने २०२२ च्या मार्चमध्ये टेस्टफ्लाइटचा असा गैरवापर उघडकीस आणला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने याच मार्गाने होणाऱ्या फसवणुकीविषयी जाहीर इशारा दिला. यातील मर्म नीट ध्यानी घ्यावयास हवे. पाठविलेला दुवा खरोखरीच टेस्टफ्लाइटचा असू शकतो. एखाद्या नामांकित कंपनीचे नाव आणि चिन्हही हुबेहूब उतरविलेले असते. दार नामांकित पेढीचे, पण आत गल्ल्यावर बसलेला इसम भलताच! अँड्रॉइडच्या मोबाइलवर तर एवढाही खटाटोप करावा लागत नाही; 'एपीके' नावाची फाइल थेट व्हॉट्सॲपवर धाडली की काम झाले. गूगलच्या खऱ्या चाचणीतले ॲप सामान्यतः प्ले स्टोअरमधूनच उतरवून घ्यावयाचे असते. अनोळखी माणसाने पाठविलेली फाइल उघडणे म्हणजे घराची किल्ली वाटसरूच्या हाती देणे होय.

पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. निमंत्रण देणारी व्यक्ती आधी काही आठवडे स्नेह जोडते, विचारपूस करते, स्वतःच्या भरभराटीचे दाखले देते. मग अल्पशी रक्कम गुंतविण्यास सांगते. ती नफ्यासह परतही मिळते; गळाला आमिष लावल्यावाचून मासा लागत नाही, हे आपल्या किनाऱ्यावर कोणास समजावून सांगावयास नको. विश्वास बसला की मोठी रक्कम जाते. पडद्यावर आकडे फुगत राहतात; पण ते आकडे म्हणजे ठकांनीच लिहिलेली अक्षरे असतात. पैसे काढावयास जावे तर 'आधी कर भरा' असे उत्तर येते. आपल्या देशात आभासी चलनाच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे हे खरे. पण तो सरकारकडे भरावयाचा असतो. आपलेच पैसे मिळावेत म्हणून तो एखाद्या अज्ञात खात्यात आगाऊ जमा करावा, असा कायदा या देशात नाही.

मग खरे कोणते आणि खोटे कोणते, हे ओळखावे कसे? आम्ही पूर्वी काही वर्षे शाळेत शिकविले आहे. म्हणून आम्हांस शाळेचीच कसोटी सुचते. परीक्षक कोण आणि परीक्षार्थी कोण, एवढेच विचारावे. परीक्षक उत्तरपत्रिका तपासतो, चुका दाखवितो. त्यासाठी तो स्वतःच्या खिशातून शुल्क भरीत नाही. खऱ्या चाचणीत तुमच्याकडून दोष जाणून घ्यावयाचे असतात. शिवाय आभासी चलनाच्या जगात सरावासाठी निराळी व्यवस्था आहे. इथेरियम या चलनाचे 'सेपोलिया' नावाचे चाचणीचे जाळे आहे. तेथील नाणी फुकट मिळतात आणि त्यांना बाजारात मोल नसते. अशी सोय असताना जो परीक्षकाकडेच खरे रुपये मागतो, त्याने परीक्षा कोणाची मांडली आहे हे उघड आहे. ती ॲपची नव्हे, तुमच्या भोळेपणाची परीक्षा होय! त्याचप्रमाणे वॉलेटची किल्ली असणारे १२ किंवा २४ शब्द जो मागेल, संपर्कयादी आणि लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागेल, किंवा 'आज रात्रीपर्यंतच जागा शिल्लक' अशी घाई करील, त्याचे निमंत्रण तेथेच पुसून टाकावे. कंपनीचे नाव ओळखीचे असेल तर दुव्यावर बोट न ठेवता कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर स्वतः जाऊन खात्री करावी. भारतीयांशी असा व्यवहार करणाऱ्या संस्थांना केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी बंधनकारक आहे, तीही पाहावी.

सुशिक्षित माणूस यात सापडणार नाही, अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये. दहावीच्या निकालात आपले कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु हे निमंत्रण शिकलेल्या माणसाच्याच अहंकाराला गोंजारते. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी काय घडले? 'गेनबिटकॉइन'ने दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, देण्याचे वचन दिले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपी अमित भारद्वाज यांना अटक केली. २०२२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय अन्वेषण विभाग त्या प्रकरणी देशभर झडत्याच घेत होता. गुंतवणूकदारांच्या हाती मात्र तारखांवाचून फारसे काही पडले नाही.

आपल्या जिल्ह्यात पैसा सहज येत नाही. आंब्याचा हंगाम, मासळीचा हंगाम, पर्यटकांचे चार महिने आणि मुंबईच्या चाकरमान्याची मनिऑर्डर, यांतून गाठीला बांधलेली ती पुंजी असते. ती गेली तर माणूस पैशापेक्षा लाजेने अधिक खचतो आणि गप्प बसतो. ठकांचे खरे भांडवल ते हेच मौन. पहिले काही तास फार मोलाचे असतात. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास पैसे पुढच्या खात्यात पोहोचण्यापूर्वी अडविण्याची शक्यता तरी उरते. म्हणून घरच्यांनी फसलेल्या माणसाची थट्टा करू नये. त्याच्यापाशी बसून आधी तो क्रमांक फिरवावा. 'गेलेले पैसे मिळवून देतो' म्हणून फी मागणारा दुसरा उपकारकर्ता लवकरच येईल. तो बहुधा पहिल्याचाच भाऊबंद असतो.

पोलिसांकडेही आमचे एक मागणे आहे. हद्दीचा वाद न घालता तक्रार नोंदविण्याची तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, स्पष्ट आहे. मालवणच्या माणसाला ओरोसला आणि ओरोसहून आणखी कोठे धाडण्यात ते मोलाचे तास वाया जाऊ नयेत. आणि ॲपल-गूगलसारख्या धनाढ्य कंपन्यांनी, पैशाची देवघेव करणाऱ्या ॲपला चाचणीचे दार उघडण्यापूर्वी, त्याच्या मालकाची पुरती ओळख पटवावी. दार त्यांचे आहे. राखणही त्यांनीच केली पाहिजे.

तोवर आपण आपला उंबरठा सांभाळावा. लग्नाची पत्रिका आली तरी आपण 'कोणाकडची?' म्हणून आधी विचारतो. मग ज्याचे गाव नाही, घर नाही, त्याच्या पंगतीला आयुष्याची पुंजी घेऊन जाण्याची घाई कशासाठी?