नरक्या तोडणारा पकडता, घेणारा कुठंय?

सह्याद्रीतल्या नरक्याच्या फुलांना घाण वास येतो, पण त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन आहे. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी हे अल्कलॉइड एका चिनी झाडातून शोधलं. त्यावरूनच टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही कॅन्सरवरची औषधं आली. म्हणजे झाड लाखमोलाचं! आणि आपण? कोल्हापूर-सिंधुदुर्गातून चोरून तोडलेलं लाकूड पकडलं की फोटो काढायचा, मजुराला आत टाकायचं, विषय संपला. अहो, मजूर काय घरी औषध बनवतो? माल घेणाऱ्यापर्यंत जा. आणि डोंगरातल्या शेतकऱ्याला रोपं द्या, बांधावर लावू द्या, रीतसर विकत घ्या. नाहीतर जंगलही जाईल आणि औषधही. पटलं तर शेअर करा.