किलोच्या भावाने

दिवाळी जवळ आली की घरोघरच्या पुरुषांना माळ्यावर चढावे लागते. खाली स्वयंपाकघरात बेसन भाजल्याचा खमंग वास सुटलेला असतो आणि आपण वर जळमटांत डोके घालून, खालून येणाऱ्या हुकमाबरहुकूम एकेक वस्तू खाली देत असतो. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे ठरविण्याचा अधिकार आमच्या घरी अर्थातच सौभाग्यवतींचा. मात्र एका बाबतीत तिने माझ्यापुढे हात टेकले आहेत. बंद पडलेला संगणक असो, मोबाइल असो, विजेवर चालणारी कोणतीही जुनी वस्तू उघडून पाहिल्यावाचून मी भंगारात जाऊ देत नाही.

"शिकवता मराठी आणि घराचं केलंय गॅरेज!" असे ती म्हणते. तिचे म्हणणे खोटे नाही. परंतु माझ्या या चिकटपणाला एक कारण आहे, आणि ते अभिमानाने सांगण्याजोगे नाही.

2009 साली मी पहिला संगणक घेतला. त्याच वर्षी माझ्या चुलतभावाचे लग्न निघाले. हळद दळायला जाते मांडले आणि आई जात्याशी बसली. खुंट्याला हात लागला मात्र, एरवी चारचौघांत न बोलणारी ती बाई ओवीमागून ओवी गाऊ लागली. मी जवळच्या मोबाइलवर ते सारे टिपून घेतले आणि घरी येऊन संगणकात घालून ठेवले. पुढे सवडीने या ओव्या उतरवून काढू, असे मनात होते. मराठीच्या प्राध्यापकाला सवड कधी मिळते, हे मी सांगायला नको. 2012 साली आई गेली. पुढे संगणकही चालेनासा झाला. 2014च्या दिवाळीत माळा आवरताना तो खाली आला. दारात भंगारवाला उभाच होता. त्याने काट्याला लावून वजन केले, शंभराच्या तीन नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि पेटी हातगाडीवर टाकली. हातगाडी वळणाआड गेल्यावर चार दिवसांनी मला ओव्यांची आठवण झाली. मी त्याला शोधीत गेलो. "मास्तर, तो माल कधीच पुढं गेला," तो म्हणाला. त्याचा काय दोष? मी जे विकले, ते त्याने घेतले.

आईचा आवाज मी किलोच्या भावाने विकला होता.

खरी गंमत मला पुढे कळली. कॉलेजने मला एकदा निर्लेखन समितीवर घेतले. डेड स्टॉक रजिस्टरात ज्या वस्तूंनी अखेरचा श्वास घेतला आहे, त्यांच्या मृत्यूचा दाखला देणारी ही समिती. इतिवृत्त लिहायला कोणीतरी लागते, म्हणून तीत मराठीचा माणूस. यादीत तीन संगणक होते. त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो हिंजवडीत संगणक-दुरुस्तीचे काम करतो. यादी पाहून तो म्हणाला, "सर, मेलेत कशावरून? उघडून पाहिलंत का?"

आम्ही कोणीच उघडून पाहिले नव्हते. प्राचार्यांची परवानगी काढली आणि एका रविवारी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. पहिल्या पेटीतल्या मदरबोर्डवर लहान डब्यांसारखे कपॅसिटर उभे होते. त्यांतल्या चारांची डोकी फुगली होती. "हा बोर्ड गेला," तो म्हणाला. दुसऱ्याचा बोर्ड ठणठणीत, पण त्याला वीज पुरविणारी पेटी, जिला तो एसएमपीएस म्हणतो, ती बंद. तिसऱ्याची हार्ड डिस्क नुसती टकटक करीत होती. तिन्ही संगणक बंद होते हे खरे, पण प्रत्येकाच्या मरणाचे कारण निराळे होते. पहिल्याची वीजपेटी काढून दुसऱ्याला बसविली. रॅमच्या पट्ट्या पहिल्याच्या आणि तिसऱ्याच्या काढल्या. त्या एकाच जातीच्या असाव्या लागतात. जात निराळी असेल तर पट्टीची खाच निराळ्या जागी असते, ती बसतच नाही. पट्टीच्या कडेला सोनेरी दाते असतात. त्यांच्यावर मळ धरला होता. विद्यार्थ्याने माझ्याकडे काय मागावे? खोडरबर! पेन्सिलीचे खोडण्याचे साधे रबर त्या दातांवरून हलकेच फिरविले आणि दाते लखलखले. माझ्या विषयाचा या शास्त्रात इतकाच उपयोग झाला.

यंत्र सुरू झाले तेव्हा पडद्यावरचे घड्याळ 2009 साल दाखवीत होते. बोर्डावरचा बटणासारखा गोल सेल संपला की संगणकाला चालू तारखेचा विसर पडतो आणि तो आपल्या जुन्या मुक्कामी जाऊन बसतो. क्षणभर मला वाटले, राहू द्यावे. पण विद्यार्थ्याने नवा सेल घातला आणि आम्ही आजच्या तारखेला आलो.

विकत आणावा लागला तो हा सेल आणि एक लहान एसएसडी. हिच्यात फिरणारी तबकडी नसते, म्हणून जुने यंत्रही तिच्यामुळे तरतरीत होते. त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घातली. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10च्या नेहमीच्या मोफत सुधारणा थांबल्या आणि विंडोज 11 तर जुन्या यंत्रांना दारातच अडविते. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक आता माळ्यावर चढतील. आमचा संगणक मात्र ग्रंथालयात बसला आहे. डोंगरपट्ट्यातून येणारी मुले त्यावर परीक्षांचे अर्ज भरतात आणि निबंध टंकतात.

आमच्या मुळशी तालुक्याचे नशीब तरी पाहा. धरणासाठी येथल्या जमिनी घेऊ लागले तेव्हा 1921 साली सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला. तरी धरण झाले, आणि त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागले. पुढे हिंजवडी-माणच्या शेतांत संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. हिंजवडी याच तालुक्यात आहे, हे तिथे रोज बसने जाणाऱ्या कितीकांना ठाऊक नसते. जिथे देशोदेशीच्या संगणकांचे काम चालते, त्याच तालुक्यातल्या मुलाला अर्ज भरायला एक संगणक मिळू नये आणि तीन संगणक धूळ खात पडावेत, यात कोठेतरी हिशेब चुकतो आहे.

आता कोणी उत्साहाने आजच पेटी उघडायला बसेल, म्हणून दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या तोंडच्या सांगतो. वीजपेटी कधी फोडू नये. प्लग काढला तरी तिच्या पोटात बराच वेळ वीज साठून राहते. फुगलेल्या बॅटरीला टोचू नये, ती पेट घेते. उरलेले सुटे भाग कचऱ्यात टाकू नयेत, जाळू तर मुळीच नयेत. या डाकात शिसे असू शकते, आणि रॅमच्या त्या दात्यांवर सोन्याचा पातळ थर असतो. त्या कणभर सोन्यासाठी दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांतून माणसे तेजाबात हात घालीत आली आहेत. तो धूर आणि ते पाणी शेवटी कोणाच्या तरी मुलाच्या पोटात जाते. 1 एप्रिल 2023पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. असला माल नोंदणी झालेल्या केंद्राकडेच द्यावा. आणि देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी. आपण पुसले असे समजतो, तो मजकूर बहुधा तिच्यावर तसाच असतो. बँकेचे कागद असतात, पत्रे असतात, आणखी काय काय असते. ती जाड डायरीएवढी वस्तू बहुधा चार स्क्रूंनी बसविलेली असते. चार स्क्रू! 2014 साली मला हे माहीत असते तर!

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी त्या संगणकात घातल्या, आणि 2017पासून 'पारी' या संग्रहातून त्या सर्वांना ऐकायला मिळतात. त्यांत आमच्या मुळशीतल्या नांदगावच्या, कोळवड्याच्या बायका आहेत. मी त्या अधूनमधून ऐकतो. आईचा आवाज त्यांत नाही, असण्याचे कारणही नाही. पण चाल तीच आहे. पहिली ओळ एका गावाची, तिला दुसऱ्या गावच्या बाईने आपली ओळ जोडलेली, हेही तसेच आहे. जुन्यातले चांगले काढून घेऊन त्याला आपले जोडायचे, हे या बायका शाळेत न जाता करीत आल्या. मला ते शिकायला तीन मेलेले संगणक लागले.

यंदाही माळा आवरून झाला. हात धुऊन मी चहाला बसलो, तोच भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली. एरवी ती लगबगीने दाराशी जाते. या वेळी तिने कपाटातून एक जुना, बटणांचा मोबाइल काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"बाबांचे दोन-तीन फोन यात टिपून ठेवले होते मी," ती म्हणाली. "त्याला सांगा थांबायला. हा आधी उघडून बघा."