शेवटी येतो म्हणून ख्रिस्त गौण नव्हे

मध्ययुगीन ख्रिस्ती विचारात ॲरिस्टॉटल वरचढ ठरला आणि ख्रिस्त मागे पडला, हे बारामतीच्या पत्रलेखकांचे मत पटत नाही. मध्ययुगीन विचारवंत थॉमस अक्विनासच्या ‘सुम्मा’ या ग्रंथात ख्रिस्त तिसऱ्या भागात येतो, हा त्यांचा पुरावा. पण ग्रंथाचा क्रमच ईश्वर, सृष्टी आणि माणसाची ईश्वराकडे परतीची वाट असा आहे. ती वाट म्हणजेच ख्रिस्त. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’तही (१६१६) आधी सृष्टी, आदामाचे पतन आणि तारकाची प्रतीक्षा येते; ख्रिस्तचरित्र दुसऱ्या पुराणात. म्हणून तिथे ख्रिस्त दुय्यम ठरतो काय?

माणसाच्या पापामुळे ख्रिस्ताची देहधारणा (ईश्वराने माणूस होणे) घडली, तर ख्रिस्त केवळ निमित्तमात्र, असा आक्षेप निघेल. अक्विनासचा कल पाप हेच कारण मानण्याकडे होता, हे खरे. पण डन्स स्कोटस या दुसऱ्या मध्ययुगीन विचारवंताच्या मते पाप घडले नसते, तरी ख्रिस्ताचे येणे ठरलेलेच होते. मतभेद कारणाबद्दल होता, केंद्रस्थानाबद्दल नव्हे. एकाच व्यक्तीत दैवी आणि मानवी स्वभाव कसे नांदतात, हे उलगडताना ॲरिस्टॉटलच्या संकल्पनाही नव्याने तासाव्या लागल्या. तत्त्वज्ञानाने ख्रिस्ताला झाकले नाही. ख्रिस्तामुळेच ते अधिक खोल गेले.

– एक वाचक, इंदापूर (जि. पुणे)