निष्ठेचे धडे आणि फिरतीची नोकरी

३० नोव्हेंबर २०२५ या दिवशी, रविवारी, अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक लेन किफिन यांनी आपल्या खेळाडूंचा निरोप घेतला. संघाने बारापैकी अकरा सामने जिंकले होते. देशातल्या निवडक बारा संघांच्या बाद फेरीत हे विद्यापीठ प्रथमच पोहोचणार, हे जवळजवळ नक्की झाले होते. वरात मांडवाच्या दारात आली असताना कर्त्या माणसाने घोड्याचा लगाम सोडून शेजारच्या मांडवात जाऊन बसावे, तसा हा प्रकार. किफिन शेजारच्याच राज्यातल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे गेले, सात वर्षांच्या कराराने, वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरवर. बाद फेरी संपेपर्यंत मला राहू द्या, अशी त्यांची मागणी होती. जुन्या विद्यापीठाने ती नाकारली.

हा फुटबॉल आपला नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, अंगात चिलखत आणि एकमेकांवर धडकणारी धिप्पाड पोरे असा तो खेळ. त्यातले सगळे डावपेच मला कळतात असा माझा दावा नाही. पण आपल्याकडची अनेक मुले ज्या सरकारी विद्यापीठांत पुढच्या शिक्षणासाठी जातात, त्यांच्या आवारातली सगळ्यात मोठी वास्तू बऱ्याचदा ग्रंथालय नसून या खेळाचे स्टेडियम असते. अलाबामा विद्यापीठाचे टस्कलूसा हे गाव घ्या. गावाची लोकसंख्या लाखाच्या आसपास आणि स्टेडियमची आसनेही एक लाख. अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत सरकारी पगारावरचा सर्वांत महागडा माणूस गव्हर्नर नसतो, कुलगुरू नसतो. तो फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो.

किफिन यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे आणि मिसिसिपीत तो भरपूर देऊनही झाला. मला मात्र प्रश्न पडतो तो हा, की या धंद्यात वर चढायचे तर दुसरा जिना आहे कुठे?

निक सेबन यांचे उदाहरण पाहू. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात त्यांच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता. मुलगा केंट स्टेट विद्यापीठात खेळला आणि पदवीधर झाला. प्रशिक्षक व्हायचे त्याच्या मनातही नव्हते. पण पत्नीचे शिक्षण संपायला एक वर्ष बाकी होते, म्हणून १९७३ मध्ये त्याने तिथेच पदव्युत्तर सहायकाची जागा पत्करली. ही या जिन्याची पहिली पायरी. फी माफ, हातात किरकोळ विद्यावेतन आणि काम म्हणाल तर सांगतील ते. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या फिल्म रात्र रात्र बघून टिपणे काढायची, पाहुण्यांना विमानतळावरून आणायचे. तिथून सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नौदल अकादमी, मिशिगन स्टेट, मग ह्यूस्टनचा व्यावसायिक संघ. सतरा वर्षांत सात ठिकाणे. १९९० मध्ये टोलेडो या मध्यम विद्यापीठात ते पहिल्यांदा मुख्य प्रशिक्षक झाले, आणि एका हंगामात तेही सोडून क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात पुन्हा दुय्यम जागेवर गेले. आपल्याकडे बदलीची नोकरी म्हटली की शाळा, घर, दूधवाला सगळे नव्याने, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या यादीचा अर्थ सांगायला नको. फरक एवढाच, की आपल्या बदलीमागे सरकारी हुकूम असतो.

पुढचे सेबन जगाला माहीत आहेत. लुइझियाना स्टेटला अजिंक्यपद, अलाबामाला सहा अजिंक्यपदे. पण अलाबामाला ते आले कसे? डिसेंबर २००६ मध्ये ते मायामीच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते. आपण अलाबामाला जाणार नाही, असे त्यांनी २१ तारखेला पत्रकारांना ठासून सांगितले. तेरा दिवसांनी ते अलाबामाचे झाले, आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरवर. आज त्या गावात त्यांचा पुतळा आहे. यशाने असत्य धुऊन निघते, हा काही केवळ आपल्याच राजकारणाचा अनुभव नाही.

१० जानेवारी २०२४ रोजी सेबन निवृत्त झाले तेव्हाची गंमत तर नोंद करून ठेवण्यासारखी आहे. दोनच दिवसांत अलाबामाने वॉशिंग्टन विद्यापीठाचे केलन डीबोअर यांना उचलले. डीबोअर यांचा संघ त्याच आठवड्यात अजिंक्यपदाचा सामना खेळून हरला होता. वॉशिंग्टनने मग ॲरिझोनाचा प्रशिक्षक घेतला. ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा. सॅन होजेने आणखी कोणाला तरी आणले. एक म्हातारा घरी बसला आणि देशभर बिऱ्हाडे हलली. या प्रत्येक ठिकाणी अठरा-वीस वर्षांची शंभरेक मुले होती. त्यातल्या कित्येकांनी विद्यापीठ निवडले होते ते इमारती पाहून नव्हे, तर त्या माणसाकडे पाहून.

कारण प्रशिक्षकाच्या कामाचा अर्धा भाग भरतीचा असतो. तो शाळकरी मुलाच्या घरी जातो, कोचावर बसतो, आईच्या हातचे खातो आणि सांगतो, हा मुलगा माझ्या हवाली करा, याला मी माणूस करीन. पाहुणा गोड बोलणारा असावा लागतो. मुलगा सही करतो. वर्षभरात पाहुणा दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या मुलाच्या घरी कोचावर बसलेला असतो.

पूर्वी यात एक विलक्षण अन्याय होता. प्रशिक्षक रातोरात जाऊ शकत असे, पण खेळाडूने विद्यापीठ बदलले तर त्याला एक वर्ष मैदानाबाहेर बसावे लागे. शिवाय सेबन सहायक झाले त्याच १९७३ साली शिष्यवृत्तीची हमी चार वर्षांवरून एका वर्षावर आणली गेली होती. निष्ठा ही चीज फक्त मुलांसाठी होती. ते चित्र आता पालटले आहे. २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली, २०२४ मध्ये ती वारंवार मिळू लागली. २०२१ पासूनच खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले आणि जुलै २०२५ पासून, न्यायालयीन तडजोडीनंतर, विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आता प्रशिक्षक मंडळी तक्रार करतात, की मुलांना कसली बांधिलकी उरली नाही. ही तक्रार ऐकून मला हसू आवरत नाही. मुलांनी धडे पुस्तकातून नव्हे, गुरुजींच्या वागण्यातून घेतले, एवढेच झाले आहे.

अर्थात फिरती ही एकतर्फी नसते. हाकलणारेही तितकेच तत्पर असतात. किफिन यांनाच २०१३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने एक सामना हरल्यावर विमानतळावर, पहाटेच्या अंधारात नारळ दिला होता. टेनेसी विद्यापीठाला एका हंगामात सोडून ते तिथे गेले होते आणि तेव्हा टेनेसीच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर गाद्या जाळल्या होत्या. मात्र हाकलण्याची किंमत मोजावी लागते. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले तेव्हा उरलेल्या कराराची भरपाई साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. काम न करण्याचे पैसे! लुइझियाना स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रायन केली यांना काढले, तेव्हा हा आकडा पाच कोटींच्या वर होता. राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री उघड संतापले. असले करार करणारे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड यांना जावे लागले. फिशर यांचा टेक्ससमधला पहिला करारही याच गृहस्थांचा. आता काटकसर येईल असे वाटले होते. महिनाभरात किफिन यांचा करार झाला. घाईचे कारणही होते. शाळकरी मुलांच्या सह्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतात आणि त्याआधी कोचावर बसायला माणूस हवा. हंगाम संपण्याआधी दुकान मांडायला लावणारे हे वेळापत्रक विद्यापीठांनीच आखलेले आहे.

हा जिना सगळ्यांना सारखा रुंद आहे, असेही नाही. किफिन यांचे वडील नामांकित प्रशिक्षक. मुलाला एकतिसाव्या वर्षी व्यावसायिक संघ मिळाला. सिल्व्हेस्टर क्रूम हे कृष्णवर्णीय गृहस्थ अलाबामाचेच माजी खेळाडू. सहायक म्हणून त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे काढली. २००३ मध्ये अलाबामाने त्यांना डावलून सदतीस वर्षांचे माइक शूला यांना निवडले. तेही एका दिग्गज प्रशिक्षकाचे चिरंजीव. त्याच वर्षाअखेर मिसिसिपी स्टेटने क्रूम यांना घेतले, तेव्हा १९३२ मध्ये स्थापन झालेल्या त्या दक्षिणी संघटनेला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक लाभला.

मग कोणी उलट्या पायऱ्या उतरून वर गेलाच नाही का? गेला. कर्ट सिग्नेटी हे सेबन यांच्या अलाबामातले सहायक. पन्नाशी गाठताना, २०११ मध्ये, कमी पगारावर ते पेनसिल्व्हेनियातल्या एका दुसऱ्या श्रेणीच्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले, जिथे पूर्वी त्यांचे वडील प्रशिक्षक होते. हेच वडील वेस्ट व्हर्जिनियात एकेकाळी तरुण सेबन यांचे वरिष्ठ होते. त्या छोट्या गावात मुलाने सहा वर्षे काढली, मग आणखी दोन लहान विद्यापीठे केली. २०२४ च्या हंगामापासून ते इंडियानाला आले. पराभवांच्या संख्येत तेव्हा देशात पहिला असलेला तो संघ. जानेवारी २०२६ मध्ये हाच संघ सोळाच्या सोळा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्य ठरला. मला ही कथा मनापासून आवडते. तरी प्रामाणिकपणे सांगायला हवे, की इंडियानाला येताना सिग्नेटी यांनी जुन्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू बरोबर आणले होते. त्या जुन्या गावातही कोणी गाद्या जाळल्या नसतील इतकेच; हळहळले असतीलच.

राहिला मिसिसिपीचा सोडून दिलेला संघ. बचाव फळीचे प्रशिक्षक पीट गोल्डिंग यांच्या हाती तो ऐनवेळी देण्यात आला. मुलांनी बाद फेरीत आधी टुलेनला आणि मग १ जानेवारी २०२६ रोजी बलाढ्य जॉर्जियाला हरवले, आणि उपांत्य सामन्यात ती मायामीकडून हरली. किफिन यांच्या नव्या करारात एक कलम असल्याचे तोवर जाहीर झाले होते. मिसिसिपीच्या या विजयांबद्दल मिळाला असता तो बोनस लुइझियाना स्टेट त्यांना देणार होती. पोरे मैदानात धडकत होती, आणि प्रत्येक विजयागणिक शेजारच्या राज्यात बसलेल्या त्यांच्या जुन्या गुरुजींच्या खात्यात रक्कम वाढत होती.