जाणत्यास विचारावें कसें?

पिकाची परीक्षा करणारें संगणकयंत्र सिद्ध करावयाचें, तर प्रथम जाणत्याचें ज्ञान त्यांत उतरविलें पाहिजे. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत 1980 च्या सुमारास सोयाबीनच्या 15 रोगांविषयीं असा प्रयोग झाला. तज्ज्ञानें तोंडीं सांगितलेल्या नियमांपेक्षां, निदान झालेल्या शेंकडों रोपांच्या नोंदींवरून यंत्रानें स्वतः काढलेले नियम अधिक अचूक ठरले.

मला याचें नवल वाटलें नाहीं. पैसेवारीच्या कामीं मीं पुष्कळ शिवारें पाहिलीं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत एका वृद्ध शेतकऱ्यास, "ही मालदांडी किती पैशांची?" असें विचारतांच तो तत्काळ आंकडा सांगे, "कशावरून?" म्हटलें कीं गप्प. परंतु दोन शेतांतील दोन कणसें शेजारीं धरलीं, म्हणजे दाण्याचा भर, धाटाची जाडी, जमिनीची भेग, सर्व ओघानें बोलूं लागे. मीं त्यांतलें कांहींच टिपलें नाहीं. कारकुनाच्या तक्त्यांत 'कशावरून' यास रकाना नसतो. तो गृहस्थ आतां हयात नाहीं.

तरी येत्या रब्बींत आपल्या मंडळानें छापील प्रश्नावली चावडीवर न वाटतां, दोन कणसें घेऊन वृद्धांकडे बांधावर जावें, त्यांच्याच शब्दांत उत्तर लिहावें, आणि सांगणाराचें नांव, त्याची संमति असल्यास, नोंदीखालीं घालावें.