परमेश्वर हे कोणाचे नाव?

सीमाभागातील भाषाविषयक सभांमध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव हमखास निघते. मराठीला रत्नाची, कस्तुरीची, मोगरीची उपमा देणाऱ्या त्यांच्या ओव्या वक्ते मुखोद्गत म्हणतात, टाळ्या पडतात, आणि एका परदेशी ख्रिस्ती धर्मोपदेशकाला जे उमगले ते आपल्याच लोकांना कसे उमगत नाही, या वाक्यावर विषय संपतो. ज्या ग्रंथातून ही स्तुती घेतली त्या ‘ख्रिस्तपुराणा’चा विषय काय, त्यात देवाला कोणकोणत्या नावांनी हाक मारली आहे आणि ती नावे आज कोणाच्या तोंडी उरली आहेत, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. भाषेच्या दृष्टीने मला तो भाग मराठीच्या स्तुतीहून अधिक मोलाचा वाटतो. भाषेची स्तुती कोणीही पाहुणा करू शकतो. त्या भाषेत देवाला हाक मारणे ही वेगळी गोष्ट आहे.

ख्रिस्ती धर्मात देवाच्या नावांचा प्रश्न मुळापासूनच अनुवादाचा प्रश्न आहे. हिब्रू शास्त्रात देवासाठी ‘एलोहीम’ हा सामान्य शब्द येतो. त्याचे रूप अनेकवचनी, पण इस्राएलाच्या देवाविषयी बोलताना त्याच्यापुढचे क्रियापद बहुधा एकवचनी. आपल्या आदरार्थी बहुवचनात क्रियापदही बहुवचनी होते, तसे तेथे होत नाही. दुसरे आहे चार व्यंजनांनी लिहिलेले विशेषनाम. मोशेने नाव विचारले तेव्हा ‘असणे’ या क्रियापदाशी जोडलेले उत्तर मिळाले, त्याच्याशी या नावाचा संबंध लावला जातो. यहुदी लोकांनी पावित्र्यापोटी ते नाव उच्चारणे सोडले आणि वाचताना त्याच्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा स्वामी’, असे म्हणू लागले. पुढे हस्तलिखितांत त्या चार व्यंजनांना ‘अदोनाय’चे स्वर जोडले गेले. ती वाचकाला दिलेली खूण होती. परंतु युरोपातील ख्रिस्ती वाचकांनी व्यंजने आणि स्वर एकत्र वाचले आणि त्यातून ‘यहोवा’ हा उच्चार निघाला. ग्रीक भाषांतरकारांनी त्या नावाच्या जागी ‘किरियोस’ घातले, लॅटिनने ‘दोमिनुस’. दोहोंचा अर्थ स्वामी, धनी. म्हणजे मराठीपर्यंत हे नाव पोहोचले तेव्हा ते अनेकदा भाषा बदलून आलेले होते. ‘ख्रिस्त’ हेही नाव नसून पदवी आहे: हिब्रू ‘मशीहा’चा ग्रीक अनुवाद, अर्थ ‘अभिषिक्त’. येशूचे ते आडनाव असल्यासारखे आपण वापरतो, ते केवळ सवयीने.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. प्रारंभीच ते ज्ञानेश्वरीच्या वळणाने नमन करतात आणि त्या नमनात देवाला जी विशेषणे लावतात ती पाहण्याजोगी आहेत: परमेश्वर, सर्वसमर्थ, कृपानिधी, करुणाकर, विश्वव्यापक, अव्यक्त, निर्विकार, अनादिसिद्ध. इतकेच काय, ऋद्धिसिद्धींचा दाता हेही. देवपित्याला त्यांनी ‘देव बाप’ म्हटले आणि स्वर्गाला वैकुंठ. धर्मविधींच्या नावांसाठी मात्र त्यांनी पोर्तुगीज-लॅटिन शब्द ठेवले. म्हणजे विधी बाहेरचा राहिला तरी चालेल, देव मात्र इथल्या शब्दातच ओळखता आला पाहिजे, असा हा विवेक होता. त्यांनी तो तत्त्व म्हणून कोठे मांडला की नाही, हा प्रश्न गौण आहे. ग्रंथाच्या शब्दकळेत तो स्पष्ट दिसतो.

हा निर्णय किती धाडसी होता हे त्याच्या आधी घडलेल्या एका प्रसंगाशी ताडून पाहावे. गोव्याचा ‘सायब’ म्हणून ओळखला जाणारा फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला गेला. तेथे त्याने प्रथम ख्रिस्ती देवासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरला. ते बौद्ध परंपरेतील महावैरोचन बुद्धाचे नाव आहे, हे ध्यानात आल्यावर त्याने तो टाकला आणि लॅटिनचा ‘देउस’ जपानी उच्चारात तसाच रूढ केला. चीनमध्ये तर ईश्वराला कोणता शब्द वापरावा यावर शंभर वर्षे वाद चालला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी रोमने एक शब्द सोडून बाकीचे वर्ज्य केले. धर्मोपदेशकाला स्थानिक शब्दाची भीती का वाटते, हे समजण्यासारखे आहे: शब्दाबरोबर त्याचे जुने गणगोतही येते. झेवियरने त्या भीतीपुढे माघार घेतली. स्टीफन्स यांनी गणगोतासह शब्द घेतले.

येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. लॅटिनचा ‘देउस’ आणि आपला ‘देव’ हे एकाच प्राचीन मुळापासून फुटलेले शब्द आहेत. सासष्टीतल्या शेतकऱ्याने ‘देव’ म्हटले आणि लिस्बनच्या पाद्र्याने ‘देउस’ म्हटले, तेव्हा दोघेही नकळत एकाच आजोबांचे नाव घेत होते. ग्रीक ‘थिऑस’ मात्र, उच्चार जवळचा वाटला तरी, त्या घराण्यातला नव्हे.

गोव्यातील ख्रिस्ती कोकणीत हा वारसा अजून जिवंत आहे. तेथे ईश्वराला ‘सर्वेस्पर’ म्हणतात, तो आपला सर्वेश्वरच. येशूला ‘सोमी जेजू’ म्हणतात. ‘सोमी’ म्हणजे स्वामी, आणि ‘जेजू’ हा पोर्तुगीज उच्चाराचा ठसा. मारियेला ‘सायबीण’. १६८४ मध्ये पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. हुकूम काढणारे गेले, भाषा राहिली, आणि ती टिकवणाऱ्या जागांपैकी प्रार्थना ही एक मोठी जागा होती. सरकारी कागदातून भाषा काढता येते. गुडघे टेकलेल्या म्हातारीच्या तोंडून ती काढणे कठीण असते.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी हाच प्रश्न नव्याने सोडवला. विल्यम कॅरी यांनी दूर श्रीरामपुरात बसून पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठी नवा करार सिद्ध केला, तो १८११ मध्ये मोडी लिपीत निघाला. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने काम हाती घेतले. दुरुस्त्या होत होत आज जे मराठी ‘पवित्र शास्त्र’ सर्वाधिक वाचले जाते, त्यात एक गोष्ट आहे जी सीमेपलीकडच्या मराठी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावी. त्यात ‘एलोहीम’साठी ‘देव’ आहे आणि त्या अनुच्चारित विशेषनामासाठी ‘परमेश्वर’. दोन्ही एकत्र आले की ‘परमेश्वर देव’.

आता इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी ख्रिस्ती घरात जा. तेथे मराठी शास्त्राशेजारी हिंदी शास्त्र असते. हिंदीत ‘एलोहीम’ म्हणजे ‘परमेश्वर’ आणि विशेषनामासाठी ‘यहोवा’; दोन्ही मिळून ‘यहोवा परमेश्वर’. एकच ‘परमेश्वर’ हा शब्द मराठीत विशेषनाम आहे आणि हिंदीत सामान्यनाम! बडोद्याच्या जुन्या गुजराती शास्त्रात ‘देव’ आणि ‘यहोवा’. हैदराबादेत तेलुगूत ‘देवुडु’ आणि ‘यहोवा’. आमच्या बेळगावात कन्नड शास्त्र उघडले तर ‘देवरु’ आणि पुन्हा ‘यहोवा’, प्रभूला ‘कर्त’. चहूबाजूंच्या शेजाऱ्यांनी हिब्रू नावाचा युरोपीय उच्चार स्वीकारला असताना मराठीने ‘परमेश्वर’ पसंत केला.

ही निवड बरोबर की चूक? धर्मपंडितांचा आक्षेप मला ठाऊक आहे. विशेषनाम हरवले, ज्या नावाचा अर्थच ‘असणे’ आहे तेथे ‘सर्वांत श्रेष्ठ ईश्वर’ हे वर्णन आले, आणि वाचकाला कळतही नाही की येथे मुळात एक नाव होते. आक्षेपात तथ्य आहे. तरीही माझे मत मराठीच्या बाजूने आहे. ‘यहोवा’ हा उच्चारदेखील मूळ नाव नव्हे, तो वाचनातील एका घोटाळ्याचा वंशज आहे. नाव न उच्चारता त्याच्या जागी आदराचा शब्द ठेवण्याची प्राचीन यहुदी रीत पाहिली, तर ‘परमेश्वर’ तिच्याशी अधिक प्रामाणिक ठरतो. शिवाय हा शब्द शेजारच्या हिंदू घरातही तितक्याच आदराने उच्चारला जातो. मराठी ख्रिस्ती माणसाला देवाचे नाव घेताना गावाशी परके व्हावे लागले नाही, हे लहान यश नव्हे.

उलट बाजूचा आक्षेप अलीकडे अधिक जोरात ऐकू येतो: देव, प्रभू, परमेश्वर, आत्मा हे शब्द ‘आमचे’ आहेत, ते तुम्ही का वापरता? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी मलेशियाकडे पाहावे. तेथे मलय भाषक ख्रिस्ती लोक देवाला पिढ्यान्‌पिढ्या ‘अल्लाह’ म्हणत आले. अरब ख्रिस्तीही तेच म्हणतात, कारण अरबीत ईश्वराला तोच शब्द आहे. २००७ मध्ये एका कॅथलिक साप्ताहिकाला हा शब्द वापरण्यास मनाई झाली, आणि प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयांत फिरत राहिले. देवाच्या नावावर कोणाचा हक्क, हे न्यायाधीशांनी ठरवायचे! ज्यांची मातृभाषा तीच, त्यांना तिच्यातला सर्वांत साधा शब्द वर्ज्य करणे म्हणजे त्यांना भाषेतूनच हाकलणे होय. आम्हा सीमावासीयांना हे कोणी समजावून सांगायला नको. आपल्या दुकानाच्या पाटीवरील अक्षरावरून आम्ही दंडुके पाहिले आहेत.

मराठी ख्रिस्ती परंपरा भाषांतरापाशी थांबली नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत. त्यांनी ख्रिस्ताला ‘माउली’ केले. हिब्रू, ग्रीक, लॅटिन या तिन्ही भाषांनी देवाला प्रामुख्याने स्वामी, राजा, पिता या नावांनी हाकारले असताना, वारकरी माणसाचा विठ्ठलासाठीचा शब्द येशूला लागला. धर्मशास्त्राच्या ग्रंथात अशा शब्दाला परवानगी लागली असती. अभंगाला ती लागली नाही. पंडिता रमाबाईंचा मार्ग वेगळा. कर्नाटकातील गंगामूळ येथे जन्मलेल्या या विदुषीने मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले. जिला भागवत पाठ, तिनेच संस्कृतप्रचुर भाषा टाळून अल्पशिक्षित बायांना कळेल अशी मराठी निवडली. टिळकांनी नाव जवळचे केले, रमाबाईंनी वाक्य. दोघांपैकी कोण अधिक यशस्वी झाले, हे सांगणे मला अवघड वाटत नाही: टिळकांची गीते आजही उपासनेत गायिली जातात, रमाबाईंचे भाषांतर मात्र थोड्यांच्याच हाती असते.

नव्या करारात येशूच्या तोंडी देवासाठी अरामी भाषेतला ‘अब्बा’ येतो. लेकराने घरात बापाला मारायची हाक. आमच्याकडे ‘आबा’ म्हणतात, त्याच्याशी व्युत्पत्तीचे नाते नाही, पण सीमाभागातल्या खेड्यातील मुलाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. तसेच ‘तू’चे. वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणारा मराठी माणूस देवाला ‘तू’ म्हणतो, मग तो देव पंढरीचा असो वा नासरेथचा. सर्वनामाची ही सलगी मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला आयती मिळाली.

शांताराम बंडेलू यांनी ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत आणले ते साल १९५६. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. याच बेळगावात १८३१ मध्ये बाबा पदमनजी जन्मले, ज्यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मराठीतील पहिली कादंबरी मानले जाते. म्हणजे आमच्या मराठीपणाच्या पुराव्यांत ख्रिस्ती लेखकांचा हिस्सा मोठा आहे. पण पुरावा म्हणून नाव घेणे वेगळे आणि माणसांना आपले मानणे वेगळे. आमच्या व्यासपीठांवर मराठी ख्रिस्ती माणूस किती वेळा दिसतो? मोर्च्याच्या घोषणांत, पत्रकांच्या भाषेत त्याला स्वतःचे असे काही सापडते का? तो दुरावला तर त्याची उपासना हळूहळू बहुसंख्यांच्या भाषेत जाईल, आणि मग ‘परमेश्वर’च्या जागी ‘यहोवा’ येण्यास एक पिढीही पुरेशी आहे. इंदूर-हैदराबादच्या वाचकांनी आपल्याकडे हे कितपत झाले आहे ते पाहावे.

माझी सूचना साधी आहे. मराठी उपासना जेथे अजून चालते त्या मंडळ्यांची, मग ती महिन्यातून एकच का असेना, गावोगावच्या भाषाप्रेमींनी यादी करावी. वृद्ध सभासदांना पाठ असलेल्या प्रार्थना आणि गीते त्यांच्याच उच्चारात ध्वनिमुद्रित करावीत, आणि देवासाठी ते कोणते शब्द वापरतात ते वेगळे टिपून ठेवावे: बाप की पिता, प्रभू की स्वामी, तारणारा की मुक्तिदाता. आणि पुढच्या सभेत स्टीफन्सच्या ओव्या म्हणायच्या असतील, तर त्या म्हणायला त्याच गावातील एखाद्या मराठी ख्रिस्ती विद्यार्थ्याला बोलवावे, नमनाच्या ओव्यांपासून.